फिर्यादी, साक्षीदार, परदेशी : यू व्हिसाच्या अभ्यासाची प्रस्तावना

२०१३च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा आपल्याकडच्या वृत्तपत्रांना दुसरा विषय सुचत नव्हता. घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदांत पगाराचा आकडा खोटा दाखवला, असा आरोप होता. तो त्यांनी नाकारला. अटकेच्या वेळची अंगझडती, राजनैतिक संरक्षण, दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरून हटवलेले अडथळे, यांवर घरोघरी वाद झडले. एक गोष्ट मात्र बातमीच्या तळाशी राहिली. अटकेच्या आधीच त्या घरकाम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याला आणि मुलांना अमेरिकेने भारतातून आपल्याकडे नेले होते. हे कोणत्या कायद्याने झाले? परक्या देशाच्या नागरिकाला ‘तू आमच्या खटल्यातली साक्षीदार आहेस, तेव्हा तू आणि तुझी माणसे इथेच राहा’ असे एखादे सरकार कशाच्या बळावर म्हणते? हा प्रश्न ज्यांना तेव्हा पडला होता, किंवा आज पडतो आहे, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे. कायद्याची पदवी असण्याची अट नाही.

या प्रश्नाचे मूळ २८ ऑक्टोबर २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या एका जाडजूड कायद्यात आहे. मानवी तस्करी आणि स्त्रियांवरील हिंसा या दोन विषयांवरची विधेयके एकत्र बांधून तो केला गेला आणि त्यातून दोन नवे व्हिसा निघाले. टी व्हिसा तस्करीच्या बळींसाठी आहे. घरकामगारांना राबवून घेतल्याच्या प्रकरणांत सहसा त्याचाच विचार होतो. यू व्हिसाचे क्षेत्र त्याहून बरेच मोठे. घरगुती मारहाण, बलात्कार, अपहरण, खंडणी, वेठबिगारी, गंभीर हल्ला, खून, साक्षीदाराला धमकावणे, अशा गुन्ह्यांची लांब यादी कायद्यातच आहे आणि शेवटी ‘यांसारखे इतर गुन्हे’ असे म्हणून दार किलकिले ठेवले आहे. अशा गुन्ह्याने ज्याची मोठी शारीरिक वा मानसिक हानी झाली, ज्याला गुन्ह्याची माहिती आहे आणि ज्याने तपासाला मदत केली आहे, करतो आहे किंवा करील असे दिसते, त्या परदेशी माणसाला हा व्हिसा मागता येतो. त्याच्याजवळ वैध कागद आहेत की नाहीत, हा प्रश्न इथे आडवा येत नाही. मंजुरी मिळाली की चार वर्षे राहण्याची आणि काम करण्याची मुभा. त्यातली तीन वर्षे सलग अमेरिकेत काढली की ग्रीन कार्डासाठी अर्ज. जोडीदार आणि मुले अर्जात सामील होऊ शकतात. अर्जदार एकवीस वर्षांखालचा असेल तर आईवडील आणि अठरा वर्षांखालची अविवाहित भावंडेही.

असा कायदा करावासा का वाटला, हे कळायला लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉन्टे या गावात जावे लागते. २ ऑगस्ट १९९५च्या पहाटे तिथल्या एका निवासी संकुलावर छापा पडला. आत ७२ थाई कामगार होते, बहुतेक स्त्रिया. भोवती काटेरी तारा, दारावर पहारा, आणि दिवसाचे सोळा-अठरा तास शिवणयंत्रावर. काही जणी कित्येक वर्षे त्या आवारातून बाहेर पडल्या नव्हत्या. शिवलेले कपडे मोठमोठ्या ब्रँडच्या नावाने दुकानांत जात होते. सुटका झाली आणि सरकारने त्यांना थेट स्थलांतर खात्याच्या कोठडीत नेऊन टाकले, कारण कागद पाहता त्या बेकायदा परदेशी होत्या. मालकांवर खटला चालवायचा तर साक्षीदार याच. आणि साक्षीदारांनाच हद्दपार करायला यंत्रणा तयार. तरुण वकील आणि कार्यकर्ते धावले, त्या बाहेर आल्या. त्यांना देशात ठेवण्यासाठी शेवटी एस व्हिसाचा आधार घ्यावा लागला. तो १९९४मध्ये टोळ्यांची आणि दहशतवाद्यांची माहिती पुरवणाऱ्या खबऱ्यांसाठी केलेला व्हिसा, वर्षाला जेमतेम काहीशे. शिवणकाम करणाऱ्या बायकांना खबऱ्यांच्या रांगेत बसवावे लागले, यातच कायद्यातली फट उघडी पडली होती.

स्त्रियांच्या चळवळीची मागणी वेगळ्या बाजूने आली. १९९४च्या स्त्रीहिंसाविरोधी कायद्याने अमेरिकी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या मार खाणाऱ्या पत्नीला नवऱ्यावाचून स्वतःचा अर्ज करण्याची सोय दिली होती. पण नवरा स्वतःच तात्पुरत्या व्हिसावर असेल, किंवा लग्न झालेलेच नसेल, तर त्या बाईला काहीच नव्हते. शेतात, कोंबडी कापण्याच्या कारखान्यात मुकादमाचा अत्याचार सोसणाऱ्या मजूर बायकांनाही नव्हते. लेस्ली ऑर्लॉफ आणि त्यांच्यासारख्या वकिलांनी संसदेत या बायकांची बाजू लावून धरली. ही मागणी दयेच्या भाषेत मांडली असती तर २०००च्या काँग्रेसमध्ये ती टिकली असती का, याविषयी मला शंका आहे. ती टिकली, कारण तिला तपासाची भाषा जोडली गेली: परदेशी माणूस पोलिसांना घाबरतो, म्हणून गुन्हेगार मोकाट सुटतो; त्याची भीती घालवा, म्हणजे सगळ्यांचीच वस्ती सुरक्षित होईल. कायद्याच्या उद्देशात दया आणि तपास ही दोन्ही शेजारी शेजारी लिहिली आहेत. या क्षेत्रातले जवळपास सगळे वाद त्या शेजारामुळेच आहेत.

भीती काल्पनिक नव्हती. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले निक थिओडोर यांनी २०१३मध्ये चार मोठ्या काउंटींतल्या लॅटिनो रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. आपल्यावर गुन्हा घडला तरी पोलीस कागद विचारतील या धास्तीने पोलिसांकडे जाण्याची शक्यता कमी, असे ४४ टक्के लोकांनी सांगितले. ज्यांच्याजवळ कागद नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्के होते.

आता मूळ मुद्द्याकडे. नवा वाचक साहजिकच कायद्याचे कलम उघडून बसतो. माझा सल्ला वेगळा आहे. आधी एक फॉर्म पाहा. यू व्हिसाचा मुख्य अर्ज म्हणजे आय-९१८. त्याला ‘पुरवणी बी’ नावाची काही पानी पुरवणी असते आणि ती अर्जदार भरत नाही, तपास करणारे खाते भरते. वर खात्याचे नाव, मग गुन्ह्यांची यादी आणि चौकटी, गुन्हा कधी आणि कुठे घडला, थोडक्यात हकिगत, दिसलेल्या जखमा. त्यानंतर मदतीचे प्रश्न येतात: या व्यक्तीजवळ माहिती आहे का, तिने मदत केली का, पुढे मागितलेली मदत तिने नाकारली का. शेवटी खातेप्रमुखाची, किंवा त्याने नेमलेल्या वरिष्ठाची, सही. ही सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे, नाहीतर कागद शिळा होतो. सहीने व्हिसा मिळत नाही. तो निर्णय केंद्राच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेचा. पण सहीवाचून अर्जच होत नाही. पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, बालसंरक्षण खाते, कामगार खाते, रोजगारातील समान संधीचा आयोग, यांपैकी कोणीही सही करू शकते. आणि कोणीही ती नाकारू शकते, कारण केंद्रीय कायद्याने सही करण्याचे बंधन कोणावरच घातलेले नाही, नकाराविरुद्ध अपिलाची सोयही ठेवलेली नाही.

टी व्हिसाशी तुलना केली की याचे वजन कळते. तिथे पोलिसांचा असा कागद जोडला तर उत्तम, पण तो सक्तीचा नाही. अठरा वर्षांखालील आणि आघाताने खचलेल्या माणसांना तर सहकार्याच्या अटीतूनच सूट आहे. यू व्हिसात अशी पळवाट नाही. केंद्राच्या कायद्याने दिलेला हक्क एका शहराच्या, कधी एका खेड्याच्या पोलीसप्रमुखाच्या टेबलावर येऊन थांबतो.

आपल्याकडे तक्रार नोंदवून घेताना हद्दीचा प्रश्न कसा निघतो, माणसाला या चौकीतून त्या चौकीत कसे फिरवतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या अनुभवाची शिदोरी इथे कामाला येते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विधी शाखेतल्या अभ्यासगटाने देशभरातल्या सह्यांच्या पद्धतींची पाहणी केली, तेव्हा पात्रता ही बरीचशी पत्त्यावर अवलंबून आहे असे चित्र निघाले. कुठे महिन्याभरात सही होते. कुठे ‘खटला संपल्याशिवाय सही नाही’ असा नियम खात्याने स्वतःच केलेला. कुठे ‘प्रकरण बंद झाले, आता सही कशाला’ म्हणतात. म्हणजे एकीकडे फार लवकर आलात, दुसरीकडे फार उशिरा. कायद्यात या दोन्हींना आधार नाही. खटला उभा राहिलाच पाहिजे, आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, असे तो कुठेही म्हणत नाही. कॅलिफोर्नियाने २०१५मध्ये राज्याचा कायदा करून ही मनमानी आवळली: सहकार्य केलेल्या पीडिताच्या कागदावर ठरावीक मुदतीत सही करायचीच. मुदत आधी नव्वद दिवस होती, नंतर तीस झाली. इतर काही राज्यांनी तोच कित्ता गिरवला. बहुतेकांनी नाही.

सही मिळाली की प्रतीक्षा सुरू होते, आणि हा भाग थोडक्यात उरकता येतो, कारण तो निव्वळ गणिताचा आहे. कायदा २०००चा, पण नियम व्हायला सप्टेंबर २००७ उजाडला. त्यासाठी सरकारवर खटलाही भरावा लागला. वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी १०,००० व्हिसांची मर्यादा आहे. ती २०१० या आर्थिक वर्षात पहिल्यांदा गाठली गेली आणि तेव्हापासून ढीग वाढतोच आहे. मुख्य अर्जदारांचेच प्रलंबित अर्ज दोन लाखांच्या पुढे गेले आहेत. दहा हजारांनी भागून पाहावे. २०२१च्या जूनपासून अर्ज सकृद्दर्शनी खरा वाटला तर मधल्या काळासाठी कामाचा परवाना आणि हद्दपारीपासून तात्पुरते अभय देण्याची पद्धत सुरू झाली. अभ्यासकांनी या मधल्या अवस्थेकडे व्हिसापेक्षा जास्त लक्ष द्यावे, कारण प्रत्यक्षात लोक त्याच अवस्थेत संसार करत आहेत. ते अभयही धोरणावर टिकून आहे. स्थलांतर अंमलबजावणी खात्याने २०२१मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना पीडितांशी सांभाळून वागण्याचा निर्देश दिला होता. २०२५च्या सुरुवातीला तो मागे घेतला गेला.

या विषयाचा गाभा एकाच प्रकरणातून समजून घ्यायचा असेल तर मिसिसिपीतल्या मॉर्टन गावच्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्याचे घ्यावे. कोक फूड्स या कंपनीच्या या कारखान्यातल्या स्थलांतरित कामगारांनी तक्रार केली: पर्यवेक्षक अंगाला हात लावतात, मारतात, पैसे उकळतात, बोललात तर कामावरून काढू आणि हद्दपार करवू म्हणतात. समान संधी आयोगाने दावा लावला. कंपनीचा बचाव असा की हे कामगार यू व्हिसासाठी खोटे रचत आहेत. तेव्हा त्यांचे व्हिसाचे अर्ज आम्हाला दाखवा. वरवर पाहता मागणी वाजवी आहे. साक्षीदाराला साक्षीतून काही मिळणार असेल तर समोरच्या वकिलाने ते विचारायला नको का? पण अर्जात पत्ते असतात, नातेवाइकांची नावे असतात, आपण कागदांवाचून राहतो याची कबुली असते, आणि ते सारे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती पडणार. एकाचा अर्ज उघडा पडला की देशभरचे दहा जण तक्रार करायचे थांबतील. २०१६मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने दोन्ही गोष्टी तोलल्या. खोट्याचा संशय तपासण्याचा बचावाचा हक्क त्याने नाकारला नाही, पण खालच्या न्यायालयाने दिलेली मोकळीक रद्द करून कामगारांची ओळख झाकली जाईल असा मार्ग काढायला सांगितले. २०१८मध्ये कंपनीने ३७.५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. पुढल्याच वर्षी, ७ ऑगस्ट २०१९ रोजी, स्थलांतर खात्याने मिसिसिपीतल्या कोंबडी कारखान्यांवर एकाच दिवशी धाडी घालून सुमारे ६८० कामगार पकडले. मॉर्टनचा कारखाना त्यांत होता.

हीच कोंडी फौजदारी न्यायालयात अधिक तीव्र होते, कारण तिथे आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. ओरेगॉनच्या अपील न्यायालयाने २०१३मध्ये ठरवले की फिर्यादीने यू व्हिसासाठी अर्ज केला असेल तर उलटतपासणीत आरोपीला ते विचारू दिले पाहिजे. तत्त्व म्हणून मला हा निर्णय पटतो. त्याचा परिणाम मात्र असा की ज्या मदतीने बाई पुढे आली, तीच मदत ज्यूरीसमोर तिच्या विश्वासार्हतेवरचा डाग ठरते. म्हणून काही सरकारी वकील पीडितेला सांगतात, खटला संपेपर्यंत अर्ज करू नका. मग सहीचे सहा महिने निघून जातात. न्याय मागणाऱ्याने निरपेक्ष असावे, ही अपेक्षा आपण कोणाकडून ठेवतो? विमा कंपनीविरुद्ध दावा करणाऱ्याकडून ठेवत नाही. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९८६च्या एका निबंधात ‘आदर्श पीडित’ ही कल्पना मांडली: दुबळा, सत्कृत्यात गुंतलेला, अनोळखी दुष्टाकडून नाडला गेलेला. समाज बळी म्हणून मान्यता देतो ती अशाला. सारा लखानी यांनी लॉस एंजेलिसमध्ये यू व्हिसाची कामे करणाऱ्या वकिलांबरोबर राहून केलेला २०१३चा अभ्यास या कल्पनेशेजारी ठेवून वाचावा. हाताशी वकील थोडे आणि माणसे फार, अशा वेळी वकील कोणाचे प्रकरण घेतात, हकिगतीतले कोणते तपशील पुढे आणतात, कोणते मागे ठेवतात, हे त्यात बारकाईने येते. पीडिताची छाननी पोलीसठाण्याच्याही आधी, मदत करणाऱ्याच्या कचेरीत सुरू होते. जेमी एब्रम्स यांचा २०१०चा लेख दुहेरी उद्देशात तपासाच्या बाजूने मानवतेच्या बाजूला कसे झाकोळले, याची कायदेशीर मांडणी करतो; सुरुवातीला वाचायला तो फार उपयोगी.

लबाडीचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण त्यात आपल्याकडची माणसे आहेत. बॉस्टनच्या केंद्रीय न्यायालयात चाललेल्या एका प्रकरणात २०२३च्या मार्चपासून रचलेल्या दुकानलुटींचा तपशील आला. ठरल्या वेळी ‘दरोडेखोर’ दुकानात येई, गल्ल्यावरच्या माणसावर पिस्तूल रोखल्याचा देखावा करी, पैसे घेऊन पळे. सारे दुकानाच्या कॅमेऱ्यात. गल्ल्यावरचा माणूस पाच-एक मिनिटे थांबून, तो लांब गेल्यावर पोलिसांना फोन करी. या नाटकात बळीचे काम मिळवण्यासाठी एकाने २०,००० डॉलर मोजल्याचे सरकारी पक्षाने म्हटले. आरोपी भारतीय वंशाचे. मुख्य सूत्रधाराने २०२५मध्ये गुन्हा कबूल केला. गंमत म्हणजे कायद्याच्या यादीत ‘दरोडा’ हा गुन्हा नाहीच. शस्त्र रोखून लुटणे गंभीर हल्ल्यासारखेच आहे, असा युक्तिवाद करावा लागतो. म्हणूनच नाटकात पिस्तूल हवे. २०२५च्या जुलैत लुइझियानात त्याहून पुढची गोष्ट उघड झाली: लहान गावांतल्या आजी-माजी पोलीसप्रमुखांवर न घडलेल्या लुटींचे अहवाल लिहून पुरवणीवर सह्या केल्याचे आरोप ठेवले गेले, नावामागे ५,००० डॉलर दराने. परगावची इतकी माणसे याच गावांत कशी लुटली जातात, हा प्रश्न अधिकाऱ्यांना पडला आणि धागा सापडला. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२२च्या अहवालात ही योजना फसवणुकीला सोपी असल्याचे म्हटलेच होते. या प्रकरणांवरून योजना बंद करा म्हणणारे आहेत. मला त्यातून वेगळे दिसते. दुर्मीळ सही जिथे एका माणसाच्या मर्जीवर सोडली, तिथे ती एका गावात हट्टाने अडते आणि दुसऱ्या गावात विकली जाते. दोन्हींचे मूळ एकच.

मराठी घरांशी या विषयाचा खरा संबंध वेगळ्या ठिकाणी आहे. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून एच-१बी व्हिसावर गेलेल्या संगणक अभियंत्याची पत्नी एच-४ व्हिसावर असते. तिचे राहणे त्याच्या नोकरीला बांधलेले. २०१५पर्यंत तिला कामाची परवानगी नव्हती. त्यानंतरही ज्याचे ग्रीन कार्डाचे प्रकरण एका टप्प्यापुढे गेले आहे त्याच्याच पत्नीला मिळते. नवरा मारतो. १९९४ची सोय तिला लागू नाही, कारण तो नागरिक नाही की ग्रीन कार्डधारक नाही. घटस्फोट घेतला तर तिचा व्हिसा संपतो. पोलिसांना बोलावले आणि त्याची नोकरी गेली, तरीही संपतो. माहेरी फोन केला तर ‘थोडं सांभाळून घे, मुलांची शाळा आहे’ असे ऐकायला मिळते. अशा बाईसमोर यू व्हिसा हा फार थोड्या मार्गांपैकी एक. अत्याचार सोसणाऱ्या एच-४ पत्नीला स्वतंत्र कामाचा परवाना देण्याची तरतूद २००५च्या सुधारणेत होती. तिचा अर्ज स्वीकारायला २०१७ साल उजाडले. न्यू जर्सीतली मानवी ही संस्था १९८५पासून आणि न्यूयॉर्कमधली सखी १९८९पासून दक्षिण आशियाई बायकांमध्ये काम करत आली आहे. मानवीच्या संस्थापकांपैकी एक शमिता दास दासगुप्ता यांनी संपादित केलेला ‘बॉडी एव्हिडन्स’ (२००७) आणि मार्गारेट अब्राहम यांचे ‘स्पीकिंग द अनस्पीकेबल’ (२०००) ही पुस्तके आधी वाचावीत, मग व्हिसाचे नियम. नवऱ्याने पासपोर्ट कुलपात ठेवणे, ‘तुझे कागद माझ्या हातात आहेत’ म्हणणे, ही हत्यारे कशी चालतात ते तिथे कळते. कायद्याला याची जाण आहे, एवढे मात्र म्हटले पाहिजे: केवळ अत्याचार करणाऱ्याच्या सांगण्यावरून स्थलांतर अधिकाऱ्यांनी बाईविरुद्ध पाऊल उचलू नये, तिच्या अर्जाची माहिती बाहेर देऊ नये, असा गोपनीयतेचा नियम आहे.

मुंबईचा आणखी एक धागा आहे, आणि तो टी व्हिसाकडे नेतो. २००५च्या कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या जहाजदुरुस्ती कंपनीने मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या गोद्यांसाठी सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि फिटर नेले. भरती करणारी कंपनी मुंबईची. ग्रीन कार्ड मिळेल या आश्वासनावर माणशी दहा ते वीस हजार डॉलर घेतले गेले. अनेकांनी जमिनी, दागिने विकून ते उभे केले. तिथे एकेका खोक्यासारख्या खोलीत चोवीस माणसे, आणि त्या झोपण्या-जेवण्यासाठी पगारातून दिवसाला ३५ डॉलर कापलेले. २००८च्या मार्चमध्ये शंभरेक कामगार डोक्यावरच्या हॅट फेकून बाहेर पडले, न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनकडे मोर्चा नेला, उपोषण केले. २०१५मध्ये ज्यूरीने पाच कामगारांना १.४ कोटी डॉलर देवविले. त्याआधी कित्येक वर्षे, आपण तस्करीचे बळी आहोत हे सरकारला पटवण्यात त्यांची शक्ती गेली, कारण ते विमानाने, पासपोर्टवर शिक्का मारून, कायदेशीर आले होते. साकेत सोनी यांचे ‘द ग्रेट एस्केप’ (२०२३) ही हकिगत सांगते. सुटका आणि व्हिसा यांच्यानंतर माणसाचे काय होते, हा वेगळा विषय. त्यासाठी डेनिस ब्रेनन यांचे ‘लाइफ इंटरप्टेड’ (२०१४).

अमेरिकेबाहेर नजर टाकली की सहकार्याची अट अपरिहार्य नाही हे दिसते. इटलीच्या १९९८च्या स्थलांतर कायद्यातले अठरावे कलम तस्करीतून निसटलेल्या व्यक्तीला दोन वाटा देते. त्यांतली एक पोलिसांकडे फिर्याद न करताही, सामाजिक संस्थेच्या मदतीने चालता येते. युरोपीय संघाने २००४च्या निर्देशात मात्र सहकार्याची बाजू उचलली, आणि युरोप परिषदेच्या २००५च्या कराराने दोन्हींपैकी काय निवडायचे ते देशांवर सोडले. आपल्याकडे केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२मध्ये राज्यांना कळवले की तस्करीला बळी पडलेल्या परदेशी स्त्रीवर परकीय नागरिक कायद्याखाली खटला भरू नये. मुंबई-पुण्यातून सोडवलेल्या बांगलादेशी मुलींना याचा उपयोग झाला. पण राहण्याचा हक्क त्यातून येत नाही; त्या सुधारगृहात थांबतात आणि परत पाठवल्या जातात. भारतात राहून या विषयाकडे पाहणाऱ्याने अमेरिकेवर टीका करताना हे ध्यानात ठेवावे.

संशोधनाला जागा भरपूर आहे. सर्वांत मोठी पोकळी आकड्यांत आहे. केंद्राचे तक्ते दाखल झालेल्या अर्जांचे असतात: किती आले, किती मंजूर, किती नामंजूर. ज्यांना सहीच मिळाली नाही त्यांचा अर्ज केंद्रापर्यंत जातच नाही, म्हणून ती माणसे कोणत्याही तक्त्यात नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचे तर राज्याराज्यांच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यांखाली एकेका पोलीस खात्याकडे मागणी करावी लागते. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचे अर्ज केलेल्यांना हे काम नवे वाटणार नाही. सुरुवात कॅलिफोर्नियापासून करावी. तिथल्या कायद्याने प्रत्येक खात्याला दरवर्षी किती सह्या मागितल्या गेल्या, किती दिल्या आणि किती नाकारल्या, हे विधिमंडळाला कळवणे भाग आहे, आणि २०१७पासूनचे ते आकडे मागता येतात.